रफार, वेलांटी आणि संगणक

१९९० च्या दशकात पुण्यात किंवा दादरला एखाद्या डीटीपीवाल्याकडून लग्नपत्रिका जुळवून घ्यावी, फ्लॉपी उचलून दुसऱ्या छापखान्यात न्यावी, आणि तिथे फाइल उघडताच वधूवरांच्या जागी कंस, अधोरेषा आणि रोमन अक्षरांचा कचरा दिसावा, यात कुणाला नवल वाटत नसे. ‘फॉन्ट टाकलेला नाही’ एवढंच उत्तर मिळे आणि ते पुरे होई. पण फाइल बिघडलेली नसायची. तिच्यात खरोखर जे होतं तेच पडद्यावर आलेलं असे. श्रीलिपीच्या प्रचलित मांडणीत ‘मराठी’ हा शब्द म्हणजे एक अधोरेषा, मग धाकटा ए, धाकटा एम, थोरला आर, गणितातलं ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि शेवटी धाकटा आर. फॉन्ट बनवणाऱ्याने अधोरेषेच्या जागी ‘म’चं चित्र काढून ठेवलेलं, ए च्या जागी ‘र’चं, एम च्या जागी कान्याचं. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांनी देवनागरीचं सोंग घेतलं होतं.

हे सोंग जवळजवळ वीस वर्षं चाललं आणि आपण ते खुशीने चालू दिलं. छापून आलेला कागद देखणा असे. कागदाच्या पलीकडे मजकुराला काही आयुष्य असतं, हा विचार करायची वेळ कुणावर आलेली नव्हती. याहून शहाणा रस्ता त्याआधीच सापडला होता, तोही आपल्याच देशात, आणि त्याचं मोठं बिऱ्हाड पुण्यातच होतं. तरीही इतकी वर्षं आडवाटेने का गेली, त्याची ही हकीकत.

‘आधी तू बदल, मग मी तुला छापतो’ असं देवनागरीला सांगायची खोड यंत्राला जुनीच. खिळ्यांच्या काळात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी, आणि तिथेच हात बसलेल्या जावजी दादाजींनी पुढे स्वतःच्या निर्णयसागरमध्ये, निव्वळ कारागिरीच्या जोरावर ती मोडून काढली. मात्रा, रफार, अनुस्वार यांचे वेगळे खिळे अक्षराच्या डोक्यावर बेमालूम बसवून त्यांनी जी सफाई साधली ती आजही डोळ्यांत भरते. पण अशा जुळणीला खिळे शेकड्यांनी लागत, आणि टंकलेखन यंत्र आलं तेव्हा त्याच्या कळा धड पन्नासही नव्हत्या. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, इ-उ ऐवजी अि-अु, तिच्यामागेही खिळे वाचवण्याचा हिशेब होताच. लखनऊला १९५३ साली भरलेल्या लिपिसुधार परिषदेने तर कमाल केली. पहिली वेलांटी डावीकडून उचलून तिने अक्षराच्या उजवीकडे ठेवली, फक्त शेपूट आखूड. आता ही पहिली की दुसरी हे शेपटाची लांबी मोजून ठरवायचं! १९५७ मध्ये तो निर्णय गुंडाळावा लागला. यंत्राच्या सोयीसाठी वेलांटीने जागा बदलावी असं भल्याभल्यांना मनापासून वाटत होतं, एवढं मात्र त्यावरून दिसतं.

संगणक आला तोही हाच हट्ट घेऊन. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ॲस्कीच्या तक्त्यात १२८ जागा, त्याही इंग्रजीने भरलेल्या. पडद्यावर सारख्या रुंदीच्या चौकटी, एका चौकटीत एक अक्षर, डावीकडून उजवीकडे भरत जायचं. आधी लिहिलेलं अक्षर पुढचं अक्षर आल्यावर रूप बदलेल, किंवा नंतर टंकलेली खूण मागे जाऊन बसेल, असं काही त्या रचनेच्या स्वप्नातही नव्हतं.

कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकापासून या प्रश्नाशी झगडत होते. ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीला तिसरं विश्व हिंदी संमेलन भरलं, तिथे कानपूरकरांनी देवनागरी संगणकाचा नमुना मांडला. पुढे या कामाला ‘जिस्ट’ हे नाव पडलं आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते वाढलं. यंत्र कोणतं वापरलं याला फारसं महत्त्व नाही. मोलाची होती ती कल्पना. साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने, दाखवायचं ते लिपीच्या नियमाने, आणि दोहोंच्या मध्ये नियम जाणणारा एक कार्यक्रम बसवायचा.

‘किर्लोस्कर’ हे आडनाव घ्या, कारण त्यात सगळ्या अडचणी एकत्र नांदतात. साठवताना क, त्याला पहिली वेलांटी. र, त्याचा पाय मोडलेला. ल, त्याला ओकार. स, त्याचाही पाय मोडलेला. मग क आणि र. मोजून दहा संकेत. शाळेतलं पोर फोड करून सांगेल तसेच ते ओळीने ठेवलेले. दाखवायची वेळ आली की मधला कार्यक्रम कामाला लागतो. वेलांटी ‘क’च्या मागून साठवली आहे, ती उचलून तो ‘क’च्या पुढ्यात मांडतो. पाय मोडलेल्या ‘र’च्या पुढे व्यंजन दिसलं की त्याचा रफार करतो आणि तो ‘लो’च्या माथ्यावर, थेट मात्रेपाशी नेऊन ठेवतो. ‘स’ अर्धा करून पुढच्या ‘क’ला चिकटवतो. जोडाक्षर कितीही लांबलं तरी नियम हाच. ‘कार्त्स्न्य’ लिहिताना रफार चार व्यंजनं ओलांडून जातो आणि कार्यक्रमाला त्याचं काही वाटत नाही.

फायदा उघड होता. अकारविल्हे लावायचं तर क्रम मुळातच अकारविल्हे. शोधायचं तर ‘कि’ म्हणजे नेहमी ‘क’ आणि वेलांटी, ती दिसते कुठे याच्याशी शोधणाऱ्याला कर्तव्य नाही. आणि लिपीने काही सोडायची गरजच उरली नाही. लखनऊकरांनी वेलांटी उजवीकडे नेली होती. कानपूरच्या रचनेत ती साठवणीत उजवीकडे होती आणि पडद्यावर डावीकडे. दोघांचंही समाधान.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. विजय भटकरांचं नाव आणि ‘परम’ महासंगणक यामुळे ही संस्था लोकांच्या लक्षात आहे. पण त्याच वर्षी कानपूरचं जिस्टचं बिऱ्हाडही तिथे हललं, हे फारसं कुणी सांगत नाही. सी-डॅकने या तंत्राचं एक कार्ड केलं. पीसीच्या पेटीत ते खोचलं की वर्डस्टार, डीबेस असे डॉसवरचे इंग्रजी कार्यक्रम मुकाट मराठी दाखवू लागत. ते कार्यक्रम लिहिणाऱ्या अमेरिकनांना मराठी नावाची भाषा आहे याचा पत्ताही नव्हता. पडद्यावर काय काढायचं ते कार्ड परस्पर ठरवी.

साठवणीचा तक्ताही प्रमाण झाला. त्याचं नाव इस्की. १९८३ आणि १९८८ चे मसुदे पार करून १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तो आयएस १३१९४ या क्रमांकाने जाहीर केला. पहिल्या १२८ जागा ॲस्कीला जशाच्या तशा, वरच्या अर्ध्या भागात भारतीय अक्षरं. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांना एकच क्रमांक. ‘क’ म्हणजे १७९, मग तो मराठी असो, गुजराती असो की कानडी. लिपी बदलण्याचा एक संकेत दिला की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत उभा. इन्स्क्रिप्ट कळफलकही याच विचाराचा, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. टंकलेखनाच्या परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या मंडळींना तो कधी रुचला नाही, आणि त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. वीस वर्षं बसलेलं वळण सरकारी पत्रकाने बदलत नाही.

मग बिनसलं कुठे? विंडोज आलं. डॉसच्या पडद्यासाठी केलेलं कार्ड चित्रमय पडद्यावर निरुपयोगी झालं. त्याच सुमाराला लेझर प्रिंटर स्वस्त झाले, पेजमेकर आणि कोरलड्रॉ घरोघरी पोचले आणि गल्लोगल्ली डीटीपी सुरू झालं. या कार्यक्रमांना देवनागरीचे नियम शिकवायची सोय नव्हती, पण त्यांना फॉन्ट दिला की ते निमूटपणे छापत. मग इंग्रजी फॉन्टमधली चित्रं पुसून तिथे देवनागरी तुकडे भरायचे, एवढाच मार्ग उरला. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती, हिंदीकडे कृतिदेव, घरगुती वापरासाठी फुकट मिळणारा किरण. खुद्द सी-डॅकनेही सुरेख, योगेश असे फॉन्ट काढले आणि त्यांच्यासाठी इस्फॉक नावाची वेगळी मांडणी केली. अर्ध्या ‘स’ला एक जागा, अख्ख्या ‘स’ला दुसरी, रफारालाही एक जागा, आणि मात्रेसकट रफाराला आणखी एक. पहिली वेलांटी दिसते आधी म्हणून साठवायचीही आधी. कानपूरला सुटलेली गाठ पुन्हा घट्ट बसली.

या फॉन्टवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांनी हजारो दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं आणि वर्तमानपत्रं वेळेवर छापून दिली. अक्षरांच्या देखणेपणात कसूर केली नाही. दोष असेल तर तो एकाने केलेली मांडणी दुसऱ्याच्या मांडणीशी जुळू नये यातला. आणि धंद्याच्या दृष्टीने तो दोष नव्हताच. एकदा गिऱ्हाईकाचा सगळा मजकूर तुमच्या फॉन्टमध्ये अडकला की ते जातं कुठे?

इंटरनेट आल्यावर याची किंमत कळू लागली. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर पहिली ओळ ‘आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी असे. दोन पेपर वाचायचे तर दोन फॉन्ट. मग पानाबरोबर आपोआप येणारे फॉन्ट निघाले, तर मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी आणि नेटस्केपची वेगळी. वाचता आलं तरी शोधयंत्राला त्या पानांत अधोरेषा आणि कंसच सापडत. न्यू जर्सीत बसून गावाकडची बातमी वाचता येऊ लागली, पण गावाचं नाव टाकून ती शोधता येईना. त्या वर्षांतलं पुष्कळसं मराठी लेखन आजही शोधात सापडत नाही, त्याचं कारण हे.

युनिकोड या सुमाराला तयार होऊन बसलं होतं. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक द्यायचा, हा कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांनी मांडलेला उद्योग. पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची. भारतीय लिप्यांसाठी त्यांनी १९८८ चा इस्की मसुदा उचलला. देवनागरीला ०९०० पासून १२८ जागा, पुढच्या १२८ बंगालीला, असं करत प्रत्येक लिपीचा स्वतंत्र वाडा. पण आतली खोल्यांची मांडणी बहुतांशी इस्कीचीच, म्हणून आपला ‘क’ ०९१५ वर तर बंगाली ‘क’ ०९९५ वर. आपलं १९९१ चं सुधारित प्रमाण येईपर्यंत त्यांचा तक्ता पक्का झाला होता, आणि युनिकोडचा दंडक असा की एकदा दिलेला क्रमांक परत घ्यायचा नाही. यावर आपल्याकडे बरीच कुरकुर झाली. तरी खरी गोष्ट उरतेच. कानपूरचा विचार कॅलिफोर्नियाला जाऊन, जगभर फिरून, पुन्हा आपल्या पडद्यावर आला.

यायला वेळ मात्र लागला. क्रमांक ठरले म्हणून अक्षर दिसत नाही; ते दाखवणारा मधला कार्यक्रम आणि त्याच्याशी बोलणारा फॉन्ट लागतो. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी १९९६ मध्ये ओपनटाइप ही फॉन्टची रचना पुढे आणली. तिच्यात फॉन्टच्या पोटात नियमही लिहिता येत होते: रफार केव्हा, अर्धं रूप केव्हा, ‘क’ आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ केव्हा. २००० च्या फेब्रुवारीत आलेल्या विंडोज २००० मध्ये हिंदी, मराठी, कोकणी आणि संस्कृतची सोय होती आणि सोबत होता ‘मंगल’. तो रचला र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, कवी, जाहिरातीच्या जगात नाव काढून पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे. कुंचल्याने अक्षर नाचवणाऱ्या या माणसाला पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत, डोळ्यांना त्रास न देणारं, साधं अक्षर बसवायचं होतं. ‘मंगल’ला पुढे अनेकांनी कंटाळवाणा म्हटलं. छापील देखणेपणाच्या तराजूत तो हलकाच आहे, पण बारा बिंदूंच्या आकारात वाचता येणारं ते बहुतेकांनी पाहिलेलं पहिलं खरं मराठी अक्षर होतं.

तरी घरोघरी जे होतं ते विंडोज एक्सपी, आणि त्यात ही सोय आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, प्रदेश आणि भाषांचं खातं उघडायचं, तिथे ‘गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषा’ अशा आशयाच्या चौकोनात खूण करायची, की यंत्र म्हणे, मूळ सीडी घाला. सीडी कुणाकडे असायची? तोवर फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये ‘विकिपीडिया’तल्या पहिल्या वेलांट्या साठवणीच्या क्रमानेच, म्हणजे आपापल्या व्यंजनाच्या उजवीकडे उभ्या दिसत आणि पुढच्याच्या गळ्यात पडत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि तिथल्या सुरुवातीच्या लेखकांचा बराच वेळ नव्या माणसाला तो चौकोन कुठे आहे हे सांगण्यात गेला असणार.

मराठीच्या खास तक्रारी यानंतर पुढे आल्या. तक्ता बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः हिंदी होती. हिंदीत ‘र’चा पाय मोडून पुढे ‘य’ आला की रफार, विषय संपला. मराठीत ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतात आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. त्या दुसऱ्या ‘र’साठी, पापणीसारख्या आडव्या रेषेसाठी, इस्कीने तमिळ-मलयाळमच्या लिप्यंतरासाठी असलेला नुक्त्याचा ‘ऱ’ वापरला. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत मात्र साध्या ‘र’चा पाय मोडून मागे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवायची पद्धत होती. शेवटी दोन्ही ग्राह्य धरल्या गेल्या. कोणत्या कळफलकातून काय निघेल याचा नेम नाही. डोळ्यांना दोन्ही ‘दऱ्या’ अगदी सारख्या दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द, आणि एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही.

‘ॲ’ची कथा आणखी खट्याळ. तक्त्यात ‘ए’वर चंद्र देऊन होणारा ‘ऍ’ होता, जो मराठी माणूस कधी लिहीत नसे. ‘अ’वर चंद्र देऊन होणाऱ्या मराठी अक्षराला जागाच नव्हती. लोकांनी ‘अ’ला वेगळा चंद्र जोडून पाहिला, तर कार्यक्रम म्हणे, स्वराला मात्रा लागत नाही, आणि दोहोंमध्ये ठिपक्यांचं वर्तुळ काढून मोकळा होई. कंटाळून वर्तमानपत्रं ‘ऍडव्होकेट’ छापू लागली आणि एका पिढीच्या डोळ्यांना तेच बरोबर वाटू लागलं. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला ०९७२ ही जागा मिळाली. फॉन्ट आणि कळफलक सुधारायला पुढे आणखी वर्षं गेली.

‘ल’ आणि ‘श’चा वाद तर अजून धुमसतो आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये शासनाने मराठीच्या प्रमाण लिपीचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणं सांगितली. क्रमांक मात्र हिंदी-मराठीला एकच, त्यामुळे वळण ठरतं फॉन्टमध्ये. चांगला फॉन्ट दोन्ही रूपं बाळगतो आणि मजकुरावर ‘ही भाषा मराठी’ अशी चिठ्ठी असेल तर मराठी रूप काढतो. ही चिठ्ठी लावायचं काम पान बनवणाऱ्याचं, आणि तो ते सहसा विसरतो.

फोनवर सारी वरात पुन्हा पहिल्यापासून निघाली. २०१०-११ च्या अँड्रॉइड फोनवर मराठी म्हणजे चौकोनांची ओळ. जाणकार ओपेरा मिनी उतरवून घेत, तिच्या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन अवघड लिप्यांसाठी चित्र-अक्षरं चालू करत. मग दूरच्या सर्व्हरवर मजकुराचं चित्र होऊन ते फोनवर येई. दिसायचं छान, उचलून दुसरीकडे चिकटवता यायचं नाही. २०१२ च्या जेलीबीनपासून अँड्रॉइडवर अक्षरं नीट उमटू लागली. आज फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड या तिन्हींत देवनागरी मांडणारा कार्यक्रम एकच आहे, हार्फबझ, आणि तो घडवला मूळच्या इराणी असलेल्या बेहदाद एस्फहबोद यांनी.

छापखान्यांतलं सोंग मात्र अजून उतरलेलं नाही. अडोबीच्या इनडिझाइनला देवनागरीचे नियम कळू लागले ते २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत, आणि तोवर छापखान्यांकडे जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचे डोंगर साठले होते, ऑपरेटरांची बोटं त्याच कळांवर बसली होती. म्हणून आजही लेखक युनिकोडमध्ये हस्तलिखित पाठवतो, छापखाना ते जुन्या मांडणीत उलटवून पानं लावतो, आणि ई-पुस्तक काढायचं ठरलं की तीच पानं पुन्हा युनिकोडमध्ये आणतो. परतीच्या वाटेवर परिवर्तकाला पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे न्यायची असते, रफार नेमका किती व्यंजनांमागे परतवायचा ते ठरवायचं असतं, आणि मध्येच आलेला इंग्रजी शब्द हा शब्द आहे की सोंग, हे ओळखायचं असतं. तिथे तो हमखास चुकतो. मुद्रितशोधकांना त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या जोडीला हे नवं काम लागलं आहे: लग्नाच्या प्रसंगात आचार्यांनी जिलब्या तळल्या असतील तर त्यांना तिथून उठवून आचाऱ्यांना बसवायचं.